दुपारच्या टाक्यांचा जमाखर्च

गृहस्थाश्रमाच्या जमाखर्चात धान्य, तेल, सरपण, शाळेची फी आणि आल्यागेल्याची सरबराई यांची नोंद पूर्वापार होत आली. परंतु ज्या पांघरुणाखाली घर निजले, ज्या वातींनी देव्हारा उजळला आणि ज्या कागदी कंदिलाखाली दिवाळीचे चार दिवस मुले फराळाची ताटे घेऊन बसली, त्या वस्तू तयार करण्यात खर्ची पडलेल्या दुपारींची बाब कोणत्याही वहीत कधी खतावली गेली नाही. त्या दुपारींचा मोबदला कोणी मागितला नाही, आणि त्या कोणी दिल्या हेही कोणाच्या ध्यानी आले नाही. अलीकडे शहरांतील प्रदर्शनांत जुन्या लुगड्यांच्या गोधड्या भिंतीवर टांगलेल्या दिसतात, त्यांच्या रंगसंगतीची यथास्थित वाखाणणी होते, आणि मग कोणीतरी हमखास म्हणते की पूर्वीच्या बायकांना वेळ फार होता. हे विधान जितके सर्रास केले जाते तितकेच ते निराधार आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि त्या मताला दाखला हवा असेल तर तो खुद्द गोधडीच देते.

साहित्य म्हणाल तर अगदी साधे. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. वर्षानुवर्षे नेसून आणि धुऊन त्यातली खळ पार निघून गेलेली असते, सूत मऊ पडलेले असते, आणि बसता-उठता जेथे ताण पडतो तेथे ते विरलेले असते. विरलेला भाग बाजूला काढून उरलेल्या चांगल्या भागाचे वरचे आणि खालचे पदर होतात; मधल्या पोटात धोतरांची पाने, सदऱ्यांच्या पाठी, मुलींच्या परकरांचे घेर, ज्यांची आता ओळखही पटणार नाही अशी कापडे एकावर एक पसरली जातात. वरच्या पदरावर खणाचे, चिटाचे, चोळ्यांच्या उरलेल्या कापडाचे चौकोन आणि त्रिकोण बसतात, आणि लुगड्याचा काठ, जो कापडाच्या आधी कधीच झिजत नाही, तो चौफेर किनार म्हणून लागतो. सातारा-कोल्हापूरकडे हिलाच वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी दोन-तीन पदरांचे लहान केले तर ते दुपटे. हे सारे थर पडवीत किंवा सारवलेल्या अंगणात अंथरून, कडांवर जड काही ठेवून ताणून घेतात, सरकू नयेत म्हणून लांब कच्चे टाके घालतात, आणि मग कडेपासून आत, एका चौकटीच्या आत दुसरी चौकट अशा क्रमाने धावदोरा सुरू होतो. या टाक्यांचे प्रयोजन केवळ शोभेचे नसते. पदरांच्या मधोमध अडकून राहिलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून गोधडी ऊब देते. आणि ते पदर धुण्यात, आपटण्यात, मुलांच्या लाथाळीत एकमेकांवरून घसरून एका कोपऱ्यात गोळा होऊ नयेत, म्हणून टाके इतके जवळ जवळ घालावे लागतात.

किती जवळ, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद अशी मध्यम आकाराची गोधडी घेतली, आणि टाक्यांच्या दोन ओळींत दोन सेंटिमीटरांचे अंतर धरले, तर एकूण ओळींची लांबी दीडशे मीटर भरते. आणि एक टाका वर, एक खाली मिळून एक सेंटिमीटर धरला, तर सुई त्या कापडातून पंधरा हजार वेळा खाली जाऊन पंधरा हजार वेळा वर येते. ज्या घरात पहाटे जात्याची घरघर, मग पाणी, भाकरी, शेत, पुन्हा पाणी, पुन्हा भाकरी असा दिवसाचा बंदोबस्त ठरलेला, त्या घरात हे पंधरा हजार टाके सलग बसून घालण्याची सनद कोणाला मिळणार? ते पडत गेले ते जेवणे आटोपल्यावर आणि जनावरे परत येण्यापूर्वीच्या तासाभरात, पोर झोळीत निजले असताना, रब्बीची कामे संपून पावसाळ्याची तयारी सुरू होण्यापूर्वीच्या कोरड्या महिन्यांत. आणि येथेच या कारागिरीची खरी युक्ती आहे. धावदोरा हा असा टाका आहे की तो कोठेही थांबवता येतो आणि कोठूनही पुढे चालू करता येतो. पोर रडले की सुई कापडात खुपसून उठावे. परत येईपर्यंत सासूने, जावेने किंवा सहज डोकावलेल्या शेजारणीने तीच सुई उचलून दोन ओळी पुढे नेलेल्या असाव्यात. म्हणून जुन्या गोधडीत बारकाईने पाहणाऱ्यास टाक्यांचे हात ओळखू येतात: एका पट्ट्यात ते तांदळाच्या दाण्याएवढे, पुढच्यात अचानक लांब आणि तिरके, कदाचित नुकतीच सुई धरू लागलेल्या मुलीचे, आणि मग पुन्हा बारीक. प्रदर्शनातील रसिक या बदलाला लयीचे वैचित्र्य म्हणतात. म्हणोत बापडे.

हाच प्रश्न अमेरिकेतील स्त्रियांनी वेगळ्या रीतीने सोडवला. तेथील क्विल्ट एकोणिसाव्या शतकात जसजशी घरोघर रूढ झाली, तसतसे तिचे शिवणकाम छोट्या चौरसांत विभागले गेले. ‘ब्लॉक’ नावाचा हा चौरस पुष्कळदा बारा इंचांच्या आसपास असतो, आणि तो मांडीवर घेऊन शिवता येतो. नऊ लहान चौकोन जोडून होणारा ‘नाइन पॅच’ नवशिक्या मुलीच्या हाती देत. ‘लॉग कॅबिन’ या रचनेत मध्यभागी एक छोटा चौकोन, पुष्कळदा लाल, आणि त्याच्या भोवती पट्ट्या फिरत जातात, तो लाल चौकोन म्हणजे घरातील चूल असे तेथील लोक सांगतात. एक ब्लॉक म्हणजे एका बैठकीचे काम. असे चौरस पेटीत साठत जातात, पुरेसे झाले की जोडले जातात, आणि अखेर सर्व पदर लाकडी चौकटीवर ताणून बसवण्याची वेळ आली, की ती चौकट अवघी खोली अडवते म्हणून शेजारणींना बोलावून एका दिवसात काम उरकतात. त्या मेळाव्याला खाणेपिणे आणि गावगप्पा यांची जोड मिळून तो स्वतंत्र सोहळाच होऊन बसला. आपल्या गोधडीत चौरस वेगळा शिवून साठवण्याची पद्धत सहसा नाही, आणि चौकटही नाही. जमीन हीच चौकट, आणि मेळावा एका दिवसाचा नसून महिनाभर चाललेला. त्यामुळे अमेरिकन ब्लॉक काटेकोर भूमितीकडे झुकला आणि आपली वाकळ वळणावळणाने जिकडे हात गेला तिकडे गेली. अर्थात तेथेही अपवाद आहेत. अलाबामा नदीच्या वळणावर वसलेल्या जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णी स्त्रियांनी शेतकामाच्या झिजलेल्या कपड्यांतून केलेल्या क्विल्टमध्ये कोणतीही रेघ सरळ राहण्याचा आग्रह धरत नाही. त्या क्विल्ट 2002 साली ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि 2006 साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. ज्या पिढीने त्या थंडीच्या निकडीने शिवल्या, तिच्यातील बऱ्याच जणी तोवर निघून गेल्या होत्या.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाचे. आफ्रिकेतून, बव्हंशी पोर्तुगीजांच्या गोव्यामार्गे, दास म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज हळियाळ आणि यल्लापूरच्या जंगलपट्टीत राहतात आणि त्यांची घरची बोली कोकणीच्या घरातली आहे. त्यांच्या कवंदीत, म्हणजे गोधडीत, तुकडे आधी जोडून मग पदर शिवणे असे दोन टप्पे नसतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून तुकडा ठेवत, त्याची कड मुडपत, त्याच टाक्याने खालचे पदरही पकडत शिवणारीण कडेकडेने आत मध्यापर्यंत पोहोचते. कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची ‘फुला’ बसवल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. फुलांवाचून ती उघडी राहिली, अशी त्यांची समजूत आहे. पांघरुणाला स्वतःलाच वस्त्र हवे, ही कल्पना किती सुंदर! आणि ती ज्यांनी केली त्यांच्याजवळ स्वतःला पुरेसे वस्त्र क्वचितच होते.

ठिगळांच्या वस्त्राकडे आपण दारिद्र्याची खूण म्हणून पाहतो. पण तेच वस्त्र वैराग्याची निशाणी म्हणूनही या भूमीत फार जुन्या काळापासून मान्य आहे. विनयपिटकाच्या महावग्गात असा प्रसंग आहे की बुद्धांनी मगधातील बांधाबांधांनी आखलेली भातशेते पाहिली आणि भिक्षूंचे चीवर त्या आखणीप्रमाणे तुकडे जोडून करता येईल का, असे आनंदाला विचारले. आजही चीवराच्या शिवणींत ते बांध दिसतात. आणि आपल्याकडे 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा आणि अंगावर चिंध्यांचे वस्त्र घेऊन गावोगाव हिंडले, म्हणून कित्येक ठिकाणी लोक त्यांना गोधडेबुवाच म्हणत.

असो. गोधडीला मुदत नसते. यंदा झाली नाही तर पुढच्या उन्हाळ्यात होईल. सणाची गोष्ट निराळी. पंचांगाचा हुकूम मोडता येत नाही, आणि म्हणून सणावाराच्या कारागिरीत तोच चोरटा दुपारचा वेळ एकदम तगादा लावू लागतो. श्रावणी अमावास्येच्या पोळ्याला बैल सजवायचा तर झूल आठवडाभर आधी दुरुस्त झाली पाहिजे, तिच्यावरचे रंगीत ठिगळ उसवले असेल तर ते पुन्हा बसवले पाहिजे, गोंडे नवे केले पाहिजेत. त्या झुलीत आणि घरातल्या वाकळीत कापड पुष्कळदा एकच असते, आणि गोठ्यातल्या धन्यासाठी चांगला तुकडा राखून घरच्यांसाठी विटका घालण्यास कोणी हरकत घेत नाही. भाद्रपदात गणपतीची कापसाची वस्त्रे, हळदीकुंकवाची बोटे लावलेली. पाठोपाठ गौरींचे मुखवटे आणि त्यांना साडी नेसवण्याचे काम, जे दिसते तितके सोपे नाही, कारण धड नसलेल्या मूर्तीला निऱ्या घालायच्या असतात. मखर पूर्वी पुठ्ठ्याचे आणि रंगीत कागदाचे होई, पुढे थर्माकोल आले, आणि 2018 साली राज्य शासनाने त्यावर बंदी घातल्यापासून कात्री आणि पुठ्ठा पुन्हा बाहेर निघाले. या बंदीबद्दल सजावट करणाऱ्यांची तक्रार असली तरी घरातल्या मुलांना काम मिळाले हे नाकबूल करता येत नाही. दिवाळीच्या कंदिलाला कामट्या तासणे, मैद्याच्या खळीत किडे होऊ नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालणे, करंज्या आणि झिरमिळ्या चिकटवणे ही पुरुषांच्या वाट्याची थोडी कामे, आणि म्हणून त्यांचा गवगवा सर्वांत मोठा.

परंतु धीराची खरी परीक्षा पाहायची तर ती संक्रांतीच्या हलव्यात पाहावी. तीळ, साबुदाणा किंवा खसखस परातीत घेऊन ती मंद निखाऱ्यावर ठेवतात, साखरेचा पाक चमच्याचमच्याने सोडतात, आणि प्रत्येक चमचा सुकेपर्यंत बोटांनी दाणे हलवत राहतात. पाक जास्त पडला तर दाणे चिकटून गोळा होतो. आच जास्त झाली तर साखर पिवळी पडते. हात थांबला तर काटा येत नाही. असे थोडे थोडे करून, मधे विसावा देऊन, काही दिवसांनी दाण्यावर पांढरेशुभ्र काटे फुलतात. पौषातल्या थंड हवेत काटा चांगला धरतो, म्हणून जाणत्या बायका भल्या पहाटे या कामाला बसतात. मग हे दाणे दोऱ्यात ओवून किंवा कापडावर टाचून नव्या सुनेसाठी मंगळसूत्र, तन्मणी, बांगड्या; जावयासाठी हार आणि हलव्याने मढवलेला नारळ; बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट आणि बासरी. काळ्या चंद्रकळेवर तो शुभ्र साज एक संध्याकाळभर शोभतो. पंधरवड्याची मेहनत एका संध्याकाळपुरती, आणि रात्री मुले त्यातले मणी तोडून खातात. याला कोणी अपव्यय म्हणेल. ज्या बायका वर्षभर दहा-दहा वर्षे टिकणाऱ्या वस्तू शिवतात, त्यांनी वर्षातून एकदा टिकण्याची मुळीच फिकीर नसलेली वस्तू करावी, यात प्रस्तुत लेखकास तरी काही गैर दिसत नाही.

आता हे काम बव्हंशी विकत मिळते. हलव्याचे दागिने पेटीत येतात, कंदील दुकानात लटकतात, आणि घरच्या साड्या नेऊन दिल्या तर गोधडी शिवून देणारे बचत गट आणि व्यवसाय अनेक शहरांत आहेत. परदेशी असलेल्या लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आईच्या सामानात आजीच्या साडीचे दुपटे हटकून असते. एक अडचण मात्र शिवणाऱ्या बाया लगेच सांगतात. गेल्या काही दशकांतील साड्या बहुतेक कृत्रिम धाग्याच्या. त्या घाम शोषत नाहीत, सुईखाली सरकतात, आणि कितीही धुतल्या तरी सुती लुगड्यासारख्या मऊ होत नाहीत. म्हणून चार सुती साड्या घेऊन या, अशी अट त्या घालतात, आणि शहरी घरात चार जुन्या सुती साड्या निघतातच असे नाही. दुसरी अडचण धुण्याची. घटस्थापनेपूर्वी घरातली झाडून सगळी पांघरुणे नदीवर नेऊन धुण्याची वहिवाट होती, कारण भिजलेली वाकळ पिळायला दोघी लागतात आणि वाळवायला खडक लागतो. यंत्रात ती मावत नाही, आणि मावली तरी सदनिकेच्या गच्चीवरील दोरी तिच्या ओल्या वजनाने तुटते. त्यामुळे आता मागणी दोनच पदरांच्या हलक्या गोधडीला आहे. जुन्या बायका तिला दुलई म्हणायलाही तयार नाहीत, पण शिवून देताना पैसे पूर्ण घेतात.