एवढ्याशा रबराची किंमत

आमच्या काटोलात संत्र्याची बाग आणि फवारणीचा पंप यांचा संसार नवराबायकोसारखा. एक रुसले की दुसऱ्याचे पान हलत नाही. आंबिया बहाराच्या कोवळ्या पालवीवर सायला कीड दिसू लागली आणि नेमका त्याच दिवशी आमच्या शेजारच्या बागायतदाराचा पंप गळू लागला. बिघाड काय, तर आतले रबरी सील झिजलेले. दुकानदार म्हणाला, ते सुटे येत नाही, पूर्ण जोडच घ्यावा लागेल.

‘‘साहेब, येवढंसं तं रबर हाय थे,’’ सील माझ्यापुढे धरून तो म्हणाला, ‘‘अन् पैसे अर्ध्या पंपाचे?’’

प्रश्न रास्त होता. पण मी बँकेत नोकरी केलेला माणूस. आधी दुकानदाराचा हिशेब आठवला. नवे पंप कारखान्यातून एकापाठोपाठ एक निघतात. सुटे भाग मात्र थोडेच लागतात आणि साचा चढवण्याचा खर्च पन्नास नगांनाही तेवढाच येतो, पाच हजारांनाही तेवढाच. मग तो भाग वितरकाकडून तालुक्याच्या दुकानात येतो आणि फळीवर वर्ष-दोन वर्षे पडून राहतो. त्यात अडकलेल्या पैशावर व्याज चढतच असते. जे भाग कधीच खपत नाहीत, त्यांचा भारही खपणाऱ्यांवरच पडतो.

इथवरचा हिशेब प्रामाणिक आहे. पुढचा मात्र अडवणुकीचा. पंप घेताना गिऱ्हाईक चार दुकाने फिरते. सील घेताना त्याला एकच दार उरते. अडला हरी गाढवाचे पाय धरी! मोटारींचे सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. केंद्र सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीची अवजारेही होती. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात तर शेतीयंत्रांच्या कंपन्यांनी सुटे भाग, हत्यारे आणि दुरुस्तीची माहिती शेतकऱ्याला दिलीच पाहिजे, असा कायदा २०२४ पासून लागू आहे.

हे सगळे सांगताना माझाच एक जुना हिशेब मला टोचू लागला. कर्ज मंजूर करताना मी सातबारा पाहिला, कोटेशन पाहिले, जामीनदार पाहिले. ‘याचे सील सुटे मिळते का?’ हे मात्र एकदाही विचारले नाही. हप्ता बागेतून यायचा, बाग फवारणीवर आणि फवारणी त्या सीलवर!

शेजाऱ्याने अखेर पूर्ण जोड घेतला. फवारणी चार दिवस लांबली. तेवढ्यात शेंड्यांची पालवी मुरडली. जुने सील माझ्या टेबलावर पडले आहे. हल्ली कोणी यंत्राची किंमत विचारायला निघाला, की मी ते त्याच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, ‘‘आधी याची विचारून या.’’