कार्थेजचे पतित
ख्रिस्ती परंपरेतील क्षमा आणि समेट : भाग चौथा

बाप्तिस्म्याने पूर्वायुष्यातील सारी पापे धुतली जातात, ही आरंभीच्या ख्रिस्तसभेची श्रद्धा मागील भागात पाहिली. परंतु बाप्तिस्म्यानंतर एखाद्याने ती श्रद्धाच नाकारली, तर त्याला परत घ्यावे की नाही, आणि घ्यावयाचे तर कोणी व कोणत्या अटीवर, या प्रश्नाला तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वांना मान्य होईल असे उत्तर मिळालेले नव्हते. गोव्यात आणि वसईत ज्याला कुमसार म्हणतात, तो धर्मगुरूजवळ एकांतात करावयाचा पापांगीकार त्या काळी रूढ नव्हता. मोठ्या अपराधाचे प्रायश्चित्त चारचौघांदेखत घ्यावे लागे : अपराधी जाडेभरडे वस्त्र नेसून, अंगाला राख फासून उपवास करी, जमलेल्या मंडळींकडे प्रार्थनेची याचना करी, प्रभुभोजनापासून दूर राही, आणि अखेरीस बिशप त्याच्या मस्तकावर हात ठेवून त्याला पुन्हा सामावून घेई. ही संधी आयुष्यात एकदाच मिळे. व्यभिचार, हत्या आणि मूर्तिपूजा या अपराधांना तर ख्रिस्तसभेने क्षमा देऊच नये, असे मानणारेही होते.

एखाद-दुसऱ्या अपराध्यासाठी पुरेशी असलेली ही व्यवस्था इ. स. २५० मध्ये कोलमडली. आदल्या वर्षी सत्तेवर आलेल्या डेसियस या रोमन सम्राटाने साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना बळी अर्पावा, मद्याचे अर्घ्य द्यावे, बळीचे मांस चाखावे आणि तसे केल्याचा दाखला स्थानिक अधिकाऱ्यांकडून घ्यावा, असे फर्मान काढले. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत आणि त्यांची भाषा कोणत्याही सरकारी कचेरीतील अर्जाइतकी कोरडी आहे. रोमचा बिशप फेबियन जानेवारी २५० मध्ये प्राणास मुकला. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज या मोठ्या बंदरात मात्र ख्रिस्ती लोकांनी बळी देण्यासाठी आपण होऊन गर्दी केली, असे तेथील बिशप सिप्रियन यानेच खेदाने नोंदवले आहे. अशा लोकांना लॅटिनमध्ये ‘लॅप्सी’, म्हणजे पतित, म्हटले गेले. त्यांच्यातही प्रकार होते : काहींनी प्रत्यक्ष बळी दिला, काहींनी नुसता धूप जाळला, आणि काहींनी यांपैकी काहीच न करता अधिकाऱ्याला पैसे चारून दाखला तेवढा पदरात पाडून घेतला.

छळाचा जोर ओसरू लागताच यांतील बहुसंख्यांना परत यावयाचे होते आणि त्यांनी जवळची वाट शोधली. श्रद्धा जाहीरपणे सांगून तुरुंगवास व यातना सोसणाऱ्या, पण जिवंत राहिलेल्या लोकांना ‘कन्फेसर’ म्हणत. रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांच्या, खालोखाल त्यांचा मान होता, आणि त्यांची रदबदली देवापाशी चालते अशी लोकांची समजूत होती. पतितांनी तुरुंगाची वाट धरली आणि कन्फेसरांनी त्यांना ‘शांतिपत्रे’ दिली. रोममधील सेलेरिनस या कन्फेसरने कार्थेजच्या तुरुंगातील ल्युशियन याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आपल्या पतित भगिनींसाठी शोक करताना ईस्टरचे आनंदाचे दिवसही आपण अश्रूंत काढल्याचे त्यात तो सांगतो, त्या भगिनी कार्थेजहून आलेल्या निर्वासितांची सेवा करीत आहेत हेही आवर्जून कळवतो, आणि त्यांना क्षमा मिळावी अशी विनंती करतो. या पत्रातील कळकळ खरी आहे. पण पुढे शांतिपत्रे ‘अमुक आणि त्याची माणसे’ अशा मोघम शब्दांत निघू लागली, तेव्हा ‘त्याची माणसे’ म्हणजे दहा की शंभर, हे कोणी सांगावे?

सिप्रियनने या शांतिपत्रांना हरकत घेतली. अपराध देवाविरुद्ध घडला असल्याने त्याची परस्पर माफी देण्याचा अधिकार कोणा माणसाला नाही. मरणोन्मुख माणसाला शांतिपत्राच्या आधारे समेट द्यावा, इतरांनी प्रायश्चित्त करीत थांबावे आणि छळ संपल्यावर बिशपांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, अशी त्याची भूमिका होती. भूमिका सुसंगत होती, पण ती मांडणाऱ्याची बाजू नैतिकदृष्ट्या लंगडी होती, कारण सिप्रियन स्वतः छळाच्या काळात अज्ञात ठिकाणी लपून तेथून पत्रे धाडीत होता. लपलेल्या माणसाने इतरांच्या धैर्याचे माप काढावे, हे अनेकांना रुचले नाही, आणि ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे. त्याच्या निवडणुकीपासूनच नाराज असलेल्या काही धर्मगुरूंनी व फेलिसिसिमस या डीकनने पतितांना सरसकट सामावून घेण्याचा पक्ष उचलून धरला.

२५१ मध्ये कार्थेजला परतलेल्या सिप्रियनने बोलावलेल्या धर्मपरिषदेने सरसकट क्षमाही नाकारली आणि सरसकट बहिष्कारही. केवळ दाखला मिळवणाऱ्यांची प्रकरणे एकेक तपासून त्यांना परत घ्यावे. बळी देणाऱ्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे आणि मृत्यू समीप आल्यास त्यांना समेट द्यावा. पण ज्याला पश्चात्ताप कधी झालाच नाही आणि जो केवळ मरणाच्या भीतीने क्षमा मागतो, त्याला ती देऊ नये, असे ठरले. निर्णयाइतकेच त्यामागचे कारण महत्त्वाचे आहे. अँटोनियानस या बिशपाला लिहिलेल्या पत्रात सिप्रियन दाखवून देतो की फर्मान निघताच स्वखुशीने धावलेला माणूस आणि दीर्घकाळ झगडून अखेर नाइलाजाने वाकलेला माणूस यांना एका मापाने मोजता येत नाही. तसेच बायकामुलांना बरोबर ओढून नेणारा आणि घरच्यांना वाचवण्यासाठी एकट्याने कलंक पत्करणारा यांचे पापही सारखे नाही. क्षमेच्या विचारात हेतू आणि परिस्थिती यांचा इतका बारकाईने केलेला हिशेब त्यापूर्वीच्या ख्रिस्ती लेखनात विरळाच आढळतो, आणि सिप्रियनचे खरे मोठेपण त्याच्या अधिकारविषयक सिद्धांतापेक्षा येथे अधिक दिसते.

रोममध्ये वाद उलट दिशेने गेला. फेबियननंतर कॉर्नेलियसची निवड झाली आणि त्याने कार्थेजचा मार्ग मान्य केला. तेव्हा नोव्हेशियन या विद्वान धर्मगुरूने पतितांना ख्रिस्तसभा कधीच क्षमा करू शकत नाही, ती देवावर सोपवावी, असा आग्रह धरून स्वतःला प्रतिस्पर्धी बिशप म्हणून अभिषिक्त करवून घेतले. सिप्रियनवर नरमाईसाठी दडपण आणणारा कार्थेजचा धर्मगुरू नोव्हेटस रोमला जाऊन याच कठोर पक्षाला मिळाला, त्यावरून तत्त्वांच्या या भांडणात व्यक्तिगत वैराचा वाटा किती होता याची कल्पना येते. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसताच ४२ बिशपांनी कार्थेजहून कॉर्नेलियसला कळवले की प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वच पतितांना आता समेट द्यावा, कारण ज्यांनी रक्त सांडावे अशी अपेक्षा आहे त्यांना ख्रिस्ताच्या रक्तापासून वंचित ठेवणे योग्य नव्हे. स्वतः सिप्रियनचा १४ सप्टेंबर २५८ रोजी शिरच्छेद झाला, आणि त्याच्या पलायनाची चर्चा त्यानंतर मंदावली.

नोव्हेशियनचा पंथ मात्र टिकून राहिला. ३२५ मध्ये नायसीया येथील धर्मपरिषदेने आणखी एका छळात, फारशी सक्ती नसताना, पतित झालेल्यांसाठी पायऱ्या ठरवून दिल्या : तीन वर्षे केवळ धर्मवचन ऐकणाऱ्यांत, सात वर्षे साष्टांग नमन करणाऱ्यांत आणि दोन वर्षे प्रार्थनेत सहभागी होऊनही प्रभुभोजनाविना. मरणोन्मुखाला अखेरचे प्रभुभोजन नाकारू नये, हेही तिने पक्के केले. याच परिषदेच्या वेळी सम्राट कॉन्स्टंटाइनने एका नोव्हेशियनपंथी बिशपाला शिडी लावून एकट्यानेच स्वर्गात चढून जाण्याचा खोचक सल्ला दिला, असे इतिहासकार सॉक्रेटिस सांगतो. परिषदेचा ठराव सम्राटापेक्षा सौम्य होता : या पंथाच्या धर्मगुरूंना परत यावयाचे असल्यास त्यांचे पद राहू द्यावे, मात्र प्रायश्चित्ताची मुदत ठरवून दिलेल्या पतितांशी आपण सहभागिता ठेवू, असे त्यांनी आधी लेखी द्यावे.