गोचीड काढली, ताप उतरला. पण आजार गेला का?

एरवी शेपटी हलवत धावत येणारा कुत्रा एके दिवशी अन्नाला तोंड लावत नाही, कोपऱ्यात पडून राहतो. कानामागे चाचपावे तर वाटाण्याएवढी फुगलेली गोचीड हाताला लागते. मुलुंड-बोरिवलीच्या उबदार, दमट हवेत हा प्रसंग वर्षातून केव्हाही येतो. मात्र हात लावून ताप ठरवू नका. कुत्र्याचे शरीर निरोगी असतानाही सुमारे ३८.५ अंश सेल्सियस असते. ते आपल्याला नेहमीच गरम लागणार. येथे तापमापकच हवा.

गोचीड रक्त पिताना कुत्र्याच्या शरीरात रोगजंतू सोडते. त्यांपैकी दोन मुख्य. एर्लिकिया हा जीवाणू पांढऱ्या पेशींत राहतो. तो १९३५ साली अल्जीरियात कुत्र्यांमध्ये आढळला. बेबेसिया हा एकपेशी परजीवी तांबड्या पेशी फोडतो. त्याची एक जात पॅटन यांनी १९१० साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत शोधली. लक्षणे सारखी, पण औषधे निराळी! म्हणून उपनगरातला पशुवैद्य असो वा परळचे बाई साकरबाई रुग्णालय, आधी रक्त तपासावे लागते.

एर्लिकियावर डॉक्सिसायक्लीन देतात. हे औषध जीवाणूंची प्रथिने तयार होऊ देत नाही, त्यामुळे त्यांची वाढ थांबते. उरलेल्यांचा समाचार शरीराच्या रक्षक पेशींनी घ्यायचा असतो आणि त्याला वेळ लागतो. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रा खाऊ लागतो. ‘बरा झाला’ म्हणून आपण गोळ्या थांबवतो. नेमका येथेच घात होतो! प्लीहेत दडलेले जीवाणू महिनोन्‌महिने टिकतात. पुढे काही कुत्र्यांच्या अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होईनाशा होतात, नाकातून रक्त वाहते. मग प्राण वाचवणे कठीण. म्हणूनच हे औषध साधारणतः २८ दिवस देतात.

आणि गोचिडी? मादी भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. पिल्ले वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर रक्त पिऊन खाली पडतात आणि कात टाकतात. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्याहून अधिक घरात लपलेल्या असतात. तेव्हा भेगा बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका.

घरी असा रुग्ण असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करा. डॉक्टरांनी सांगितलेली शेवटची खूण होईपर्यंत गोळी चुकवू नका.