आकाशातील आंधळी कोशिंबीर

लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात वणवा भडकला असताना, ९ जानेवारी २०२५ रोजी आगीवर पाणी ओतणाऱ्या एका विमानाच्या डाव्या पंखाला ड्रोनने भोक पाडले. विमान कॅनडातील क्यूबेक सरकारचे होते. ड्रोन जेमतेम पाव किलोचे. वैमानिकांनी विमान सुखरूप उतरविले, परंतु एकेक विमान मोलाचे असताना ते दुरुस्तीसाठी बाजूस ठेवावे लागले. आगीचे दृश्य पाहण्याच्या हौसेने ड्रोन उडविणाऱ्या इसमाने पुढे गुन्हा कबूल केला. सुमारे अडीच किलोमीटर गेल्यावर ते त्याच्या दृष्टीआड झाले होते.

त्या इसमाचा अविवेक निंद्य आहेच. पण आम्हांस अधिक चिंतनीय वाटते ती निराळीच गोष्ट. ते ड्रोन आंधळे नव्हते! त्या जातीच्या ड्रोनला पुढे, मागे व खाली पाहणारे कॅमेरे असतात आणि ते अडथळे टाळते असे ग्राहकास सांगितले जाते. मात्र ही नजर पोहोचते ती फार तर पंचवीस-तीस मीटर. झाडाची फांदी किंवा घराची भिंत ओळखावी, म्हणजे घेणाऱ्याचे महागडे खेळणे मोडू नये, एवढ्यासाठीच ती दिलेली आहे. ताशी २०० किलोमीटर वेगाने येणारे विमान हे अंतर अर्ध्या सेकंदात तोडते.

विमानाच्या बाजूनेही फारशी आशा नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने आदळून ३४९ जीव गेले. त्यानंतर टकरीची पूर्वसूचना देणारे उपकरण आपल्या देशात सक्तीचे झाले. परंतु हे उपकरण दुसऱ्या विमानातील ट्रान्सपॉन्डरला साद घालते आणि उत्तर आले तरच सावध होते. लहान ड्रोनवर ट्रान्सपॉन्डर नसतो. मग साद ऐकणार कोण? उरतात ते वैमानिकाचे डोळे, आणि धुरातून झेपावताना तळहाताएवढी वस्तू त्यांना दिसावी ही अपेक्षाच अवास्तव होय.

मोठ्या ड्रोनांवर रडार बसविता येते. झिपलाइन या कंपनीने तर मायक्रोफोन बसविले आहेत. दुरून येणाऱ्या विमानाची घरघर ऐकून तिचे ड्रोन वाट सोडते. पाव किलोच्या यंत्रावर रडारचा भार घालता येणार नाही, हे आम्ही जाणतो. तथापि विमाने आपला ठावठिकाणा रेडिओवरून सांगत असतात, तो ऐकणारे यंत्र काही ग्रॅम वजनाचेही मिळते. हा संदेश प्रत्येकच विमान देते असे नाही. पण जे देते, त्याचे ऐकण्याची सक्ती प्रत्येक ड्रोनवर का नसावी?

आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांनी अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनाला चालकाच्या प्रमाणपत्राची अट ठेवली नाही. पुढे सक्तीची करावयाची म्हणून त्यांत तीन साधनांची नावे घेतली होती: परवानगीविना उड्डाण रोखणारी व्यवस्था, ठिकाण कळविणारे यंत्र आणि ठरावीक सीमेबाहेर जाऊ न देणारी मर्यादा. समोरून येणारे विमान ओळखणाऱ्या साधनाचे नाव त्यांत घेतलेले नाही.