कसाऱ्याचा चढ आणि आल्प्सची वाट : वर्ध्याच्या कुटुंबासाठी हिवाळी रेल्वेप्रवासाची आखणी

वर्धा जिल्ह्यातील एखादे कुटुंब हिवाळ्यात स्वित्झर्लंडच्या पर्वतांतून रेल्वेने फिरण्याचा बेत करते, तेव्हा ते सर्वस्वी परक्या मुलखात पाऊल टाकते असा समज सर्वसाधारणपणे असला, तरी इतिहासाच्या आणि अभियांत्रिकीच्या अंगाने पाहता तो टिकत नाही. ज्यांच्यामुळे या जिल्ह्याचे नाव जगाला ठाऊक झाले, त्या महात्मा गांधींनी आपल्या मुलासह आणि सहकाऱ्यांसह डिसेंबर १९३१ मध्ये याच पर्वतांच्या पायथ्याने आगगाडीचा प्रवास केला होता; आणि वर्ध्याहून मुंबईला जाणारी गाडी ज्या कसारा घाटातून उतरते, त्याचा चढ स्वित्झर्लंडमधील गॉटहार्ड मार्गाच्या चढाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. हे दोन धागे हाती धरून सहल आखली, तर मुक्काम कमी ठेवणे, घाई टाळणे आणि गाडीच्या खिडकीलाच दर्शनाचे स्थान मानणे, ही नियोजनाची सूत्रे आपोआप पुढे येतात.

डिसेंबर १९३१ : व्हिलनव्हचे पाच दिवस

दुसऱ्या गोलमेज परिषदेतून रिकाम्या हाताने निघालेले गांधीजी ५ डिसेंबर १९३१ रोजी लंडन सोडून पॅरिसला आले आणि तेथून रेल्वेने ६ डिसेंबरच्या संध्याकाळी जिनिव्हा सरोवराच्या पूर्व टोकाशी वसलेल्या व्हिलनव्ह या गावी पोहोचले. नोबेल पारितोषिकाचे मानकरी असलेले फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ तेथे राहत. त्यांनी १९२४ मध्ये गांधींचे चरित्र प्रसिद्ध केले होते, परंतु दोघांची प्रत्यक्ष भेट त्यापूर्वी झाली नव्हती. गांधीजींबरोबर देवदास गांधी, महादेवभाई देसाई, प्यारेलाल आणि मीराबेन अशी मंडळी होती. पाच दिवसांच्या मुक्कामात ८ डिसेंबरला लोझान येथे आणि १० डिसेंबरला जिनिव्हा येथे सभा झाल्या. ‘ईश्वर हेच सत्य’ या धारणेकडून ‘सत्य हाच ईश्वर’ या धारणेकडे आपण कसे आलो, याचे विवेचन गांधीजींनी लोझानमध्येच केले. ११ डिसेंबरला ही मंडळी रेल्वेने इटलीकडे निघाली, १४ डिसेंबरला ब्रिंडिसी बंदरात बोटीत बसली आणि २८ डिसेंबरला मुंबईत उतरली. एडमाँ प्रिव्हा हे स्विस लेखक आणि त्यांच्या पत्नी हे दोघे या जलप्रवासात त्यांच्यासोबत भारतात आले.

वर्ध्याशी व्हिलनव्हचा संबंध त्याहूनही जुना आहे. मॅडेलिन स्लेड या इंग्रज तरुणीला गांधींचे नाव प्रथम रोलाँ यांच्याकडूनच कळले, ती १९२५ मध्ये साबरमतीला आली आणि मीराबेन झाली. पुढे शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधीजींच्या आधी त्यांनीच वस्ती केली आणि आज देशोदेशीचे लोक जी बापू कुटी पाहायला येतात, ती मुळात मीराबेन यांच्या निवासासाठी उभारलेली होती. गांधीजी एप्रिल १९३६ मध्ये तेथे राहायला आले. संतांच्या शेगावाशी नावाचा घोळ होऊन पत्रे भलतीकडे जात असल्याने १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. म्हणून सेवाग्रामच्या परिसरातील कुटुंबाने आल्प्सच्या सहलीत व्हिलनव्हला एक दिवस देणे, हे आपल्याच इतिहासाचे दुसरे टोक पाहून येणे ठरते.

एकच चढ, दोन देश

रेल्वेमार्गाचा चढ मोजण्याची रीत अशी, की किती अंतर पुढे गेल्यावर मार्ग एक एकक वर चढतो, ते सांगायचे. १८६५ मध्ये खुल्या झालेल्या कसारा घाटात, म्हणजे जुन्या थळ घाटात, हा चढ ३७ ला १ आहे. दर हजार मीटरला सुमारे २७ मीटर. पंधरा किलोमीटर लांबीच्या बोगद्यासह १८८२ मध्ये सुरू झालेल्या गॉटहार्ड मार्गाचा चढही हजारी सुमारे २७ मीटरच आहे. गुळगुळीत लोखंडी रुळावर गुळगुळीत लोखंडी चाक एका मर्यादेपलीकडे पकड घेत नाही, त्यामुळे जड गाड्यांच्या मुख्य मार्गांवर दोन दूरच्या देशांतील अभियंते जवळपास त्याच आकड्यावर येऊन थांबले.

समस्या सारखी होती, तसे उत्तरही सारखे निघाले. स्विस रेल्वेने गॉटहार्डसाठी १९२० च्या सुमारास लांब नाकाडांचे, सांधे असलेले विजेचे इंजिन वापरात आणले आणि लोकांनी त्याला ‘मगर’ म्हटले. सांध्यांमुळे लांब इंजिनही तीव्र वळणात सहज वळत असे. त्याच धर्तीची इंजिने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९२८ पासून आपल्या घाटांसाठी घेतली. विंटरथूर येथील स्विस लोकोमोटिव्ह अँड मशीन वर्क्स आणि इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्री येथे घडलेल्या या ४१ इंजिनांना आपल्याकडे ‘खेकडा’ हे नाव पडले. त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात, तर एक मुंबईतील नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात ठेवलेले आहे. विमानासाठी मुंबईत एक दिवस आधी पोहोचणाऱ्या कुटुंबाने मुलांना हे इंजिन दाखवावे. सहलीची खरी सुरुवात तेथूनच होते.

वेळापत्रकाचे शास्त्र

स्विस प्रवासाच्या आखणीत सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असे विचारले तर वेळापत्रक हेच उत्तर द्यावे लागेल. १९८२ पासून तेथे नियतकाल वेळापत्रक लागू आहे. म्हणजे एखाद्या स्थानकावरून गाडी ९ वाजून ४ मिनिटांनी सुटत असेल, तर पुढची १० वाजून ४ मिनिटांनी, त्यापुढची ११ वाजून ४ मिनिटांनी, आणि गर्दीच्या मार्गांवर दर अर्ध्या तासाने. मोठ्या जंक्शनांवर चहूकडच्या गाड्या ठरावीक मिनिटाच्या अलीकडे येतात आणि पलीकडे सुटतात, त्यामुळे उतारूला काही मिनिटांत पुढची गाडी, बस किंवा बोट मिळते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की सर्वसाधारण गाड्यांसाठी आधी आरक्षण करावे लागत नाही आणि आजोबांना चालायला वेळ लागला म्हणून एक गाडी चुकली, तरी दिवस वाया जात नाही. आरक्षण पक्के झाल्याशिवाय घराबाहेर न पडण्याची सवय असलेल्या कुटुंबाला हे पचायला वेळ लागतो, म्हणून ते घरीच समजून घ्यावे. नवे वार्षिक वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी लागू होते. हिवाळी सहलीच्या वेळा त्यानंतरच्या तक्त्यातच पाहाव्यात.

मार्गाची आखणी : दोन मुक्काम पुरेत

बर्फात सामान ओढत रोज हॉटेल बदलणे वृद्धांना आणि मुलांना थकवते, म्हणून आठ-नऊ दिवसांसाठी दोनच मुक्काम ठेवावेत. वर्ध्याहून मुंबईला जाताना कसारा घाट उजेडात उतरणारी गाडी निवडावी. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे आणि झुरिक विमानतळाच्या खालीच रेल्वे स्थानक आहे. तेथून लोझानमार्गे सरोवराच्या काठच्या माँट्रो येथे पहिला मुक्काम करावा. माँट्रोहून व्हिलनव्ह काही मिनिटांवर असून वाटेत शियाँचा जलदुर्ग लागतो. माँट्रोहूनच निघणारी दंतचक्र रेल्वे दोन हजार मीटरच्या आसपास उंची असलेल्या रोशे द ने या शिखराकडे चढते. दंतचक्र रेल्वे म्हणजे दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवून इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकवण्याची व्यवस्था. भारतात निलगिरी रेल्वेत या पद्धतीचा जो प्रकार वापरला आहे, त्याचा जनक रोमान आब्ट हा स्विस अभियंताच होता.

दुसऱ्या मुक्कामासाठी पूर्वेकडील खूर हे शहर घ्यावे. माँट्रोहून निघालेली गाडी ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून ब्रिगला येते. येथेच १९०६ मध्ये खुला झालेला, सुमारे वीस किलोमीटर लांबीचा सिंप्लॉन बोगदा आहे आणि व्हिलनव्हहून मिलानकडे जाणारी वाट त्यातूनच जाते. ब्रिगहून खूरपर्यंत ग्लेशियर एक्सप्रेसने जाता येते. ही गाडी १९३० मध्ये सुरू झाली, परंतु गांधीजी आले त्या डिसेंबरात ती धावत नव्हती, कारण फुर्का खिंडीतील मार्ग हिवाळ्यात बंद असे आणि तेथील एक पूल हिमलोटांपासून वाचवण्यासाठी दर शरदात चक्क घडी घालून ठेवावा लागे. १९८२ मध्ये फुर्काखालून पंधरा किलोमीटरचा बोगदा झाला, तेव्हा ती हिवाळ्यातही धावू लागली. आजही ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ती विश्रांती घेते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीपेक्षा नाताळची सुट्टी या प्रवासाला योग्य ठरते.

खूरहून एक दिवस बर्निना मार्गासाठी राखावा. ही मीटर गेज रेल्वे आहे, म्हणजे दोन रुळांतील अंतर एक मीटर. भारतातील ब्रॉड गेज १,६७६ मिलिमीटर असते, तर आता बंद पडलेल्या पुलगाव–आर्वी मार्गाचे, जिल्ह्यातील जुन्या लोकांच्या ‘शकुंतले’चे, अंतर ७६२ मिलिमीटर होते. गेज लहान असले की वळण आखूड घेता येते आणि डोंगराच्या कुशीत मार्ग बसवता येतो. बर्निना मार्ग दंतचक्राविना हजारी ७० मीटरचा चढ चढून २,२५३ मीटर उंचीवर पोहोचतो, आणि मग इटलीतील तिरानोपर्यंत उतरतो. कसाऱ्याचा चढ पाहिलेल्या मुलांना २७ आणि ७० या आकड्यांतील फरक खिडकीतून स्वतः जोखता येईल. २००८ मध्ये या मार्गाला आणि त्याला जोडलेल्या अल्बुला मार्गाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. अरुंद रुळांचा मार्ग कालबाह्य न ठरवता त्यावर शाळकरी मुले, टपाल आणि पर्यटक यांची एकत्र ने-आण करत राहिल्यानेच तो जिवंत राहिला, हा धडा आर्वीच्या माणसाला विशेष जाणवेल.

तिकिटे आणि कागदपत्रे

स्विस ट्रॅव्हल पास हा परदेशी पाहुण्यांसाठीचा सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा परवाना असून त्यात रेल्वे, बस आणि बोट यांचा प्रवास तसेच अनेक संग्रहालयांचा प्रवेश येतो. रोज लांबचा प्रवास असेल तर तो फायद्याचा. मुक्कामी राहून अधूनमधून फिरायचे असेल, तर महिनाभर अर्ध्या दरात तिकीट देणारे हाफ फेअर कार्ड स्वस्त पडू शकते, म्हणून दोन्ही हिशेब कागदावर मांडून पाहावेत. आई किंवा वडील यांपैकी एकासोबत असलेल्या ६ ते १५ वर्षांच्या मुलांना फॅमिली कार्डावर विनामूल्य प्रवास करता येतो. आजी-आजोबांसोबत ही सवलत त्याच रीतीने मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. ग्लेशियर आणि बर्निना एक्सप्रेससाठी पास असला तरी आसनाचे शुल्क वेगळे असते. मात्र त्याच रुळांवरून धावणाऱ्या साध्या गाड्यांना ते लागत नाही.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करता येतो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. नाताळच्या सहलीचा अर्ज दसऱ्याच्या आधीच दाखल व्हावा.

थंडी, उजेड आणि शिदोरी

उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडचे ऊन सोसणाऱ्या वर्धेकरांना थंडी म्हणजे स्वेटर आणि शेकोटी एवढेच ठाऊक असते. आल्प्समध्ये एका जाड कपड्यापेक्षा अंगालगतचा उबदार थर, त्यावर लोकर आणि सर्वांवर वारा-पाणी अडवणारे जाकीट ही रचना उपयोगी पडते, कारण गाडीत ऊब असते आणि फलाटावर पारा शून्याखाली असतो. डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या आत मावळतो, म्हणून डोंगरातला प्रवास नऊ ते चार या वेळेत बसवावा. ३,४५४ मीटर उंचीवरचे युंगफ्राउयोख स्थानक प्रसिद्ध असले, तरी हृदयाचा किंवा श्वासाचा विकार असलेल्या वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच तेथे जावे.

शाकाहारी कुटुंबाने स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. तांदूळ, डाळी आणि भाज्या तेथील दुकानांत मिळतात. दुधादह्याची चिंता नसावी : गांधीजी येणार असे कळताच सरोवरकाठच्या दूध उत्पादकांच्या संघाने दूध पुरवण्याची तयारी रोलाँ यांना आपण होऊन कळवली होती. भारतातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मात्र स्वित्झर्लंडमध्ये मनाई आहे, तेव्हा वर्ध्याच्या गोरसपाकाची शिदोरी मुंबईपर्यंतच संपवावी.

परतीच्या वाटेवर वर्ध्याकडे निघालेली गाडी कसाऱ्याला थांबते, मागे जादा इंजिने, म्हणजे बँकर, जोडली जातात आणि गाडी इगतपुरीकडे चढू लागते. एरवी या थांब्यात कंटाळणारी मुले त्या वेळी खिडकीशी उभी राहून चढ मोजू लागली, तर सहलीची आखणी नीट झाली असे समजावे.