हजार लिटरला तीस पैसे

पालघर जिल्ह्यातील बोईसरजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. रसायने, रंग, औषधे, कापड असे नाना प्रकारचे कारखाने येथे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात देशातील औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूर पहिले आले. त्याला १०० पैकी ९३.६९ गुण होते. अर्थात येथे जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण!

असे का होते, याचे एक उत्तर रसायनशास्त्रात नसून हिशोबात आहे. कच्चा माल, वीज, मजुरी यांचा खर्च कारखानदाराच्या वहीत येतो. नासलेली खाडी आणि मासेमाऱ्याचे रिकामे जाळे मात्र त्या वहीत येत नाही. तो खर्च दुसराच कोणी सोसतो. या खर्चाइतका कर कारखान्यावर बसवावा, म्हणजे प्रदूषण आपोआप महाग होईल, हा विचार इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली मांडला.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा एक कर होता. १९७७ च्या कायद्याने कारखान्यांच्या पाणीवापरावर उपकर बसवला. २००३ च्या दरांनुसार, ज्या प्रक्रियेत पाणी विषारी होते आणि ती घाण सहज कुजत नाही, तिच्यासाठी हजार लिटरला १५ पैसे पडत. नियम मोडणाऱ्याला ३० पैसे.

आता आपण गणित करू. रोज एक लाख लिटर पाणी वापरणाऱ्या कारखान्याचा उपकर १५ रुपये, नियम मोडल्यास ३० रुपये. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवणाऱ्याला २५ टक्के सूट होती, म्हणजे १५ रुपयांवर पावणेचार रुपये. दिवसाला एवढे वाचावेत म्हणून लाखो रुपयांची यंत्रणा कोण चालवील?

दुसरा दोष मोजमापाचा. उपकर किती पाणी घेतले यावर होता, त्यातून किती विष बाहेर पडले यावर नव्हता. प्रदूषण मंडळांना पैसा मिळावा हा त्याचा मुख्य हेतू होता, हे खरे. पण दर आणि मोजमाप सुधारण्याऐवजी वस्तू व सेवा कर येताना, १ जुलै २०१७ रोजी, तो रद्दच झाला. कोळशावर २०१० पासून स्वच्छ ऊर्जेसाठी उपकर होता. २०१६ मध्ये तो टनाला ४०० रुपयांवर पोहोचला होता. त्याची जागाही २०१७ मध्ये राज्यांच्या महसुली तुटीच्या भरपाईसाठीच्या उपकराने घेतली.

कर नसला तरी खर्च नाहीसा होत नाही. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद ही मच्छीमारांची संघटना तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांना भरपाईचा आदेश दिला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. भरपाई नुकसानीनंतर, वर्षांनी येते. योग्य कर मात्र रोज, नुकसान होण्याआधी बोलतो.

अर्थसंकल्प जाहीर झाला की वर्गात त्याची बातमी वाचावी आणि विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारावेत: कोणती घाण आज स्वस्त झाली? आणि तिचे उरलेले पैसे कोण भरणार?