कापणाऱ्याचा कान

मार्च २०११मध्ये अमेरिकेत अटलांटाच्या अपील न्यायालयानं एका सेकंदाचा निकाल दिला. फिर्यादी होती सारेगामा, म्हणजे आपली जुनी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया. समोर होता टिमोथी मोझली, हिप-हॉपच्या जगात ज्याला टिंबालँड म्हणतात तो. 'द गेम' या रॅपरच्या २००५च्या अल्बममधल्या एका गाण्यात त्यानं 'आराधना'मधल्या 'बागों में बहार है'चा सुमारे सेकंदभराचा तुकडा वापरल्याची तक्रार होती. लता मंगेशकर आणि मोहम्मद रफींचं गाणं, सचिनदेव बर्मन यांची चाल. सारेगामा हरली, आणि हरली ती स्वतःच्याच कागदावर. १९६७ साली शक्ती फिल्म्सशी झालेल्या करारानं कंपनीला मिळालेला हक्क दोनच वर्षांचा होता, असं न्यायालयानं धरलं. चार दशकं ज्या गाण्यावर आपली मालकी आहे अशा समजुतीत कंपनी होती, ते तिचं नव्हतंच.

एका सेकंदासाठी दोन देशांतले वकील उभे राहावेत, असं त्या तुकड्यात होतं तरी काय? हिप-हॉपमधले थोर प्रोड्युसर कोण, हा वाद घालायचा तर या प्रश्नाला टाळून चालत नाही. इथला प्रोड्युसर सिनेमातल्यासारखा पैसे घालणारा नव्हे. रॅपर बोलतो, नाव रॅपरचं होतं, आणि त्याच्या शब्दांखाली जे काही वाजतं ते या माणसानं बांधलेलं असतं. यातल्या कित्येकांनी संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. जुन्या रेकॉर्डींचा ढीग, एक यंत्र आणि कान, एवढंच भांडवल.

आमच्या चौक-कर्जत पट्ट्यात हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. हळदीच्या रात्री मांडवात बेंजो लागलेला असतो. गाणाऱ्याचं कडवं चालू असेपर्यंत बायका खुर्च्यांवर, पोरं मोबाइलमध्ये. गाणारा थांबतो, बेंजोची तार गप्प होते, मागं नुसती ढोलकी आणि ऑक्टोपॅड उरतो, आणि उभा मांडव उठतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क या जमैकातून आलेल्या पोरानं नेमकं हेच हेरलं होतं. ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत त्याच्या बहिणीनं पार्टी ठेवली होती. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. लोक नाचतात ते गाण्यातला गाणारा थांबल्यावर, हे लक्षात आल्यावर हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तेवढाच तालाचा भाग लांबवत न्यायचा. बाकीचं गाणं त्याच्या दृष्टीनं फोलपट.

पुढची गोष्ट यंत्रांची आहे. क्वीन्समधल्या मार्ली मार्लला ऐंशीच्या दशकात सॅम्पलरशी खटपट करताना कळलं की जुन्या रेकॉर्डमधला अख्खा तुकडा उचलायची गरजच नाही. ड्रमचा एकटा ठोका काढून घेऊन तो आपल्या तालात बसवता येतो. १९८७मध्ये ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० आलं. त्यात आवाज साठवायला सगळी मिळून जागा होती दहा सेकंदांची. आज खिशात चुकून दाबलं गेलेलं रेकॉर्डिंगही त्याहून लांब निघतं. मग पोरांनी युक्ती काढली: ३३च्या गतीची एलपी ४५वर लावायची, ती भराभर किचकिचणारी आवृत्ती यंत्रात भरायची आणि आत गेल्यावर तिचा स्वर पुन्हा खाली ओढायचा. जागा वाचायची. पण १२ बिटांच्या त्या यंत्रात खाली ओढलेला आवाज खरखरीत होऊन बाहेर यायचा, ड्रमला एक धुळकट जाडी यायची. नव्वदच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या ज्या 'मळक्या' आवाजावर रसिक आजही जीव टाकतात, तो बराचसा काटकसरीतून आलेला आहे. १९८८मध्ये रॉजर लिन यानं आकाई कंपनीसाठी एमपीसी-६० तयार केलं: सोळा रबरी पॅड, बोटांनी वाजवायचे. तिथून प्रोड्युसर हा खऱ्या अर्थानं वाजवणारा झाला.

मग आला कायदा. १९९१मध्ये बिझ मार्की या रॅपरनं गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्याचा भाग परवानगीविना वापरला. न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या चोरीविषयीच्या आज्ञेनं केली, आणि तिथून प्रत्येक सॅम्पल पैसे मोजून घ्यायची वेळ आली. या अडचणीत कोण काय करतो यावरून माणसं वेगळी ओळखू येऊ लागली. गँग स्टारचा डीजे प्रीमियर मूळ रेकॉर्डचे इतके बारीक तुकडे करून उलटसुलट लावू लागला, की वस्तू कुठली हे मालकालाही सांगता येऊ नये. लॉस एंजेलिसच्या डॉ. ड्रेनं दुसरी वाट धरली. १९९२च्या 'द क्रॉनिक'साठी त्यानं जुन्या फंक गाण्यांच्या बऱ्याच जागा वादकांकडून नव्यानं वाजवून घेतल्या. रेकॉर्डिंगच्या मालकाला काही द्यायला नको, फक्त चालीचे पैसे; शिवाय आवाज स्वच्छ, रुंद, गाडीतल्या स्पीकरवर खुलणारा. कायद्याच्या कचाट्यातून एक अख्खी शैली निघाली.

याच ड्रेच्या आफ्टरमाथ या कंपनीनं दहा वर्षांनी, २००२मध्ये, ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अॅडिक्टिव्ह' बाजारात आणलं. बीट डीजे क्विकचं. त्याच्या पोटात 'ज्योती' (१९८१) या चित्रपटातलं 'थोडा रेशम लगता है': आवाज लताबाईंचा, संगीत बप्पी लाहिरींचं. गाणं अमेरिकेच्या हॉट हंड्रेड यादीत पहिल्या दहांत गेलं. ना लताबाईंचं नाव, ना बप्पीदांचं. भारतातून दावे गेले, सारेगामानं पन्नास कोटी डॉलर मागितले, आणि २००३च्या सुरुवातीला न्यायालयानं बप्पी लाहिरींना श्रेय दिल्याशिवाय अल्बम विकायचा नाही असं बजावलं. वादकांकडून वाजवून घेण्यात पटाईत असलेल्या माणसाच्या कंपनीकडून हे व्हावं, हे मला अजूनही उमगत नाही. लताबाईंचा आवाज वाजवून घेता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ असेल.

कलाकृती म्हणून मात्र 'अॅडिक्टिव्ह'ला मी फार वरचं स्थान देणार नाही. क्विक मोठा प्रोड्युसर आहे यात शंका नाही, पण इथं त्यानं मूळ गाण्याचा मोठा हिस्सा जसाच्या तसा उचलला आणि खाली ढोल-बेस घातला. काम बाईंचा गळा करतो. त्याच वर्षी जस्ट ब्लेझनं एरिक सर्मनच्या 'रिअॅक्ट'साठी 'ताजमहल'मधल्या (१९६३) 'चांदी का बदन'मधली एक ओळ घेतली. ती ओळ आहे आत्महत्येच्या हौसेविषयी. गाणं आहे क्लबात नाचायचं. कुणी अर्थ विचारला नव्हता. तरीही मला ते काम सरस वाटतं, कारण बाईचा आवाज तिथं सवाल टाकतो आणि रॅपर त्याला जवाब देतो. रोशन यांच्या मूळ रचनेतला सवाल-जवाब ब्लेझला शब्द न कळता कळला. २००५मध्ये ब्लॅक आइड पीजनी 'डोन्ट फंक विथ माय हार्ट'मध्ये कल्याणजी-आनंदजींची दोन गाणी एकत्र केली, दोन्ही आशा भोसल्यांनी गायलेली. त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. आणि २००७मध्ये मॅडलिबनं 'बीट कंडक्टा इन इंडिया' काढला. या सगळ्यांत मॅडलिब मला वरचा वाटतो. तो चालीच्या मागं लागत नाही. दोन कडव्यांमधला व्हायोलिनचा झटका, संवादातला एखादा हुंकार, सतारीच्या मागं राहिलेला स्टुडिओचा घुमारा, असलं काहीतरी तो उचलतो. पेडर रोडवर राहिलेल्या लता-आशा या दोघी बहिणींच्या गाण्यांवर वाढलेले आपण ते मधले तुकडे हजारदा ऐकलेत, पण गाणं पुढं कधी सरकतंय याची वाट बघत.

डेट्रॉइटचा जेम्स यान्सी ऊर्फ जे डिला हे प्रकरण आणखी वेगळं. त्याच्याबद्दल बोलताना सॅम्पलपेक्षा लय काढावी लागते. एमपीसीसारख्या यंत्रात सोय अशी, की बोट जरा मागंपुढं पडलं तरी यंत्र ठोका ओढून बरोबर जागेवर बसवतं. डिलानं ती शिस्त मोडली. त्याच्या बीटमध्ये स्नेअर केसभर आधी येतो, खालचा किक रेंगाळतो, हायहॅट तिसऱ्याच हिशेबानं चालतो, आणि तरी सम चुकत नाही. चांगला ढोलकीवाला लावणीत थाप अंमळ दाबून धरतो तेव्हा पोटात जे हलतं, ते डिलानं यंत्राकडून करवून घेतलं. डॅन चार्नासनं २०२२मध्ये यावर 'डिला टाइम' नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला. रक्ताच्या दुर्मीळ आजारानं डिला गेला १० फेब्रुवारी २००६ रोजी. त्याच्या ३२व्या वाढदिवशी, तीनच दिवस आधी, 'डोनट्स' प्रसिद्ध झाला होता. त्याचं एमपीसी आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. आज माणसं हातानं ड्रम वाजवताना त्याच्या यंत्राची लय गिरवतात, ही त्यातली गंमत.

टिंबालँडचा तो एक सेकंदही याच अंगानं बघायचा. २००१च्या 'गेट यर फ्रीक ऑन'मध्ये त्यानं पंजाबी तुंबीची छोटीशी लकेर घेतली आणि तिच्याभोवती भरपूर मोकळी जागा सोडली. ती शांतता हीच त्याची खासियत. त्याला गाणं नको असतं. आपल्याकडे नसलेला एखादा पोत हवा असतो. तो सेकंदात मिळतो.

आमच्याकडच्या बेंजोतला ऑक्टोपॅड बनवला रोलँडनं, जपानच्या ओसाकातल्या कंपनीनं, १९८५मध्ये. याच कंपनीचं टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० ते १९८३ एवढंच बनलं, जेमतेम बारा हजार, आणि विकताना फारसं कौतुक झालं नाही. त्यातले सदोष ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले म्हणून उत्पादन थांबलं. स्वस्तात मोडीत निघालेली ती यंत्रं हिप-हॉपवाल्यांनी उचलली. आजच्या ट्रॅप या हिप-हॉपच्या शाखेतला छातीत उतरणारा बेस तिथला. म्हणजे अटलांटाचा बीटवाला आणि खालापूरचा हळदीतला ऑक्टोपॅडवाला एकाच कारखान्याचं देणं लागतात. आमचा माणूस मात्र संबळ, ढोलकी, ताशा असे आवाज पॅडवर भरून घेतो आणि चार तास हातानं वाजवतो. पाहुणे कधी पेटले, नवरदेवाच्या मामाला कुठली चाल लागते, हे बघून ठेका बदलतो. त्याला कुणी प्रोड्युसर म्हणत नाही.

मुंबईत हा शब्द रुळला तो गेल्या दहा-पंधरा वर्षांत. डिव्हाइन आणि नेझीच्या 'मेरे गली में' (२०१५) या कुर्ला-अंधेरीच्या गाण्याचा बीट दिल्लीच्या सेझ ऑन द बीटचा, ही गोष्ट मुंबईकर फारशी काढत नाहीत. मुंबईच्या करण कांचननं जपानी वाद्यांचे स्वर ट्रॅपच्या बेसवर चढवून त्याला जे-ट्रॅप म्हटलं. २०२४मध्ये क्रेटेक्सचं, म्हणजे कृणाल घोरपडेचं, 'तांबडी चामडी' स्पिनिन या डच कंपनीकडून आलं. तो ठेका हाउसचा आहे, हिप-हॉपचा नव्हे. पण श्रेयस सागवेकरचं मराठी बोलणं त्यावर असं बसतं, की भाषा न कळणारे परदेशी पाय हलवतात. 'रिअॅक्ट'च्या वेळी आपण होतो दुसऱ्या बाजूला.

श्रेयाच्या बाबतीत मात्र आपण अमेरिकेपेक्षा फार पुढं नाही. हळदीत वाजणारं कुठलंही डीजे रीमिक्स ऐका. दर अर्ध्या मिनिटाला एक घोगरा आवाज डीजेचं नाव ओरडून जातो, गावासकट. जे कोळीगीत खाली वाजतंय ते कुणी लिहिलं, कुणी गायलं, याचा पत्ता नाही. चौकच्या आसपासच्या ठाकरवाड्यांतला ढोलही अशाच एखाद्या रीमिक्सच्या तळाशी कधीतरी सापडेल, बिननावाचा. मुंबईच्या 'स्वदेसी' गटानं 'द वारली रिव्होल्ट' केलं तेव्हा आरेतले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना गाण्यात घेतलं, आणि त्यांचं नाव गाण्याच्या नावाशेजारीच छापलं.